अझदरची दोन वर्षं

२ ऑगस्ट १९७६, सोमवार

अझदर घरी आलाय. रात्रीपुरता नाही — एकेचाळीस दिवस!

तसा राहतो तो इथेच. पण गेली तीस वर्षं माझा हा मुलगा या घरात फक्त झोपायला येत होता, तेही समुद्र खवळला आणि बोट सुटली नाही तर. समुद्रातल्या तेलाच्या खात्याचा तो मोठा साहेब. सगळं बाकू त्याला अझदर मुअल्लिम म्हणतं. मुअल्लिम म्हणजे मास्तर, पण आमच्याकडे खुर्ची आली की माणूस मास्तरच होतो. यानं जन्मात कोंबडीलासुद्धा काही शिकवलेलं नाही. आणि अझदर म्हणजे आग ओकणारा अजस्र साप. झुरळ दिसलं की हा साप स्टुलावर चढतो.

तर बारा सप्टेंबरला तो साठ वर्षांचा होणार आणि साठीला खुर्ची सोडायची. त्याआधी साठलेली रजा संपवा म्हणाले, म्हणून घरी. त्याच्या हाताखालचा मुर्सल मुअल्लिम आज कलिंगड घेऊन भेटायला आला होता. बसला, चहा प्याला, मग विचारतो, "मुअल्लिम, तुमच्या कचेरीतल्या खोलीच्या खिडक्या किती रुंद हो?"

पडदे शिवायचेत त्याला. अजून एकेचाळीस दिवस आहेत, मेल्या.

ही वही मी जुन्या अक्षरांत लिहिते. बायकांच्या वर्गात शिकले तीच. मी ती शिकून जरा कुठे सरावते तोच सरकारनं अक्षरंच बदलली. मग मी नवी शिकलेच नाही, म्हटलं तुम्ही आधी ठरवा. त्यात माझं अक्षर किरटं, त्यामुळे माझं लिहिलेलं घरात कुणाला वाचता येत नाही. रुबाबा, माझी सून, तिला वाटतं मी औषधांची नावं उतरवते. वाटू दे.

३ ऑगस्ट

सकाळी नऊ वाजता बैठक झाली. स्वयंपाकघरात. हजर: मी, रुबाबा, चहाचा समोवार.

अझदर टाय लावून आला. म्हणाला, "कॉम्रेड आई, कॉम्रेड रुबाबा, यंदा अंजिराच्या मुरांब्याचं काय ठरलंय?"

मी म्हटलं, अंजिरं पिकली की करायचा, असं ठरलंय. दरवर्षी तेच ठरतं.

त्यानं लिहून घेतलं — "नियोजनाचा अभाव."

५ ऑगस्ट

आज अंगणातल्या नळाला पाळ्या लावल्या. पाटी टांगली. शेजारच्या खेरन्सा बाजीची पाळी पहाटे पाचला. ती माझ्याशी बोलत नाही.

६ ऑगस्ट

पहाटे उठले तर अझदर गॅलरीत उभा, दुर्बीण डोळ्याला. समुद्राकडे बघतोय.

"वारा उत्तरेचा आहे," म्हणाला. "सातव्या मनोऱ्यावरची माणसं उतरवली असतील ना?"

मी म्हटलं, तुला काय त्याचं, तू रजेवर.

"हो ना," म्हणाला. तसाच उभा राहिला. मी चहा ठेवून आले. तासाभरानं गेले तर चहा गार आणि हा तिथेच. मग आत येऊन त्यानं खात्यात फोन लावला आणि उगाच विचारलं, "हवा कशी आहे?" इथून तीन रस्ते सोडून खातं. हवा तीच असणार.

माझा नवरा असाच होता. विहिरीला काळं तेल लागलं की घरी येऊन माझ्या नाकाला बोट लावायचा. तेल बघू दिलं नाही तर ही माणसं सुकतात. बाईमाणसाचं तसं नसतं. मी तेलविहिरीच्या पंपावर वीस वर्षं काढली, पण सोडला त्या दिवशी घरी येऊन ताणून दिली.

९ ऑगस्ट

फ्रिजच्या दारावर आलेख आलाय. लाल रेघ म्हणजे मी, निळी म्हणजे रुबाबा. चढाओढ लावलीय आमची. जिची वांगी जास्त सोलून होतील तिच्या शेगडीवर लाल झेंडी. काल झेंडी रुबाबाकडे गेली. एकोणतीस वर्षांत माझं तिच्याशी भांडण झालं नाही, काल झालं. तिनं वांगी सोलली नव्हती गं, नुसती टोकं उडवली होती.

आणि तीन अंजिरं कमी भरली. त्याची चौकशी बसली. चौकशीत मी स्वतःच सदस्य होते म्हणून वाचले. मीच खाल्ली होती. काय गोड होती!

आता चहा चार ते चार वीस. चार एकविसाला त्यानं समोवार विझवला. माझ्या हातात अजून पेला होता.

११ ऑगस्ट

रुबाबा कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसून रडत होती.

"आई, हे आता कायमचं का हो? साठीनंतर रोज असं?"

"पुढच्या वर्षाचं नियोजन करतोय तो," मी म्हटलं. "तुझ्या झोपेचे तास त्यात आहेत. मी बघितलं."

तिनं डोक्यावरच्या रुमालाची गाठ तोंडात धरली. मला तिची दया आली, आणि दया आली की माझं तोंड सुटतं. मी म्हणून गेले, "अगं पण तो साठचा आहेच कुठे? अठ्ठावन्नचा आहे."

ती रडायची थांबली.

आता लिहूनच ठेवते, कारण पंचेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. अझदर झाला त्या साली शहरात सकाळी एक सरकार असायचं, संध्याकाळी दुसरं. नोंद कुणाकडे करायची? राहिली. मग एकतीस साली तेलाची शाळा निघाली. पंधरा वर्षांचेच घेणार म्हणाले. अझदर तेव्हा तेरा. बाप नुकताच गेलेला. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांचं वय डॉक्टर ठरवायचे, बघून. मी त्याला बापाचा कोट चढवला, बुटांत चिंध्या कोंबून उंच केलं आणि ओठावर काळ्या तेलाची मिशी काढली. डॉक्टरनं मिशीला बोट लावलं, बोट काळं झालं. त्यानं कोटाला पुसलं आणि म्हणाला, "तेल अंगातच आहे पोराच्या. पंधरा लिहा." जन्मतारीख म्हणून त्या दिवसाचीच तारीख टाकली. बारा सप्टेंबर.

रुबाबानं माझे दोन्ही गाल धरले आणि मुका घेतला. लग्नात घेतला होता, त्यानंतर आजच.

१२ ऑगस्ट

अझदरला सांगितलं. शाळेला वयाची अट होती एवढंच सांगितलं.

तो खुर्चीत बसला. म्हणाला, "म्हणजे मी अठ्ठावन्न?"

"अठ्ठावन्न."

"म्हणजे खुर्ची अजून दोन वर्षं माझी?"

मग उठला, आरशासमोर गेला, पोट आत घेतलं. दुपारी शिट्टी वाजवत जिना चढला. आलेखाकडे ढुंकून बघितलं नाही. मी झेंडी रुबाबाच्या शेगडीवरून काढून माझ्या शेगडीवर लावली, कुणाला कळलंसुद्धा नाही.

१६ ऑगस्ट

नोंदणीच्या कचेरीत गेलो. खिडकीशी तमिल्ला नावाची बाई, चष्म्याला साखळी. दुसरा कसलाही पुरावा नाही म्हटल्यावर म्हणाली, आईची साक्ष चालते. मी शाल सावरून बसले. तिनं माझा पासपोर्ट घेतला, अझदरची फाइल घेतली. एकदा याच्यात बघितलं, एकदा त्याच्यात. मग बोटांवर मोजलं.

"आजी," म्हणाली, "कागदाप्रमाणे तुम्ही सात वर्षांच्या असताना तुम्हाला हा मुलगा झाला."

"म्हणून तर दुरुस्तीला आलोय," मी म्हटलं. "त्याचं अठरा साल लिही, म्हणजे मी नऊची होते. बघ, लगेच बरं दिसतं."

रांगेत कुणीतरी खोकलं. अझदर लाल झाला.

तमिल्ला म्हणाली, "आधी तुमचं वय नीट करून आणा. मग त्यांचं बघू. आणि खरं सांगा आजी, तुमचं वय किती?"

मी म्हटलं, मला चक्कर येतेय.

१७ ऑगस्ट

वय सांगणार नाही. नाही म्हणजे नाही.

१९ ऑगस्ट

वहीला सांगायला हरकत नाही. शहात्तर.

कागदावर सदुसष्ट. ते असं झालं — तेहेतीस साली पंपावरच्या बायकांचा वर्ग निघाला. अक्षरंही शिकवणार होते. पंचविशीच्या आतल्याच घेत. मला तेहेतीस. मी म्हटलं चोवीस. डॉक्टरनं दात बघितले, घोड्याचे बघतात तसे. माझे दात म्हणजे तेव्हा मोती. म्हणाला, चोवीस असेल. शेजारच्याच टेबलावर माझ्या मुलाचं नाव होतं, सतरा वर्षांचा. चोवीसची आई, सतराचा मुलगा. वजाबाकी करायला कुणाला वेळ होता? सगळ्यांना कामाची घाई. नंतर सहा कचेऱ्यांनी अझदरची फाइल तपासली, पदकं दिली, समुद्रात पाठवलं. वजाबाकी केली ती तमिल्लानं.

आता अडचण खेरन्साची. ती सत्तरची. या अंगणात आले तेव्हापासून मी तिला बाजी म्हणते, मोठी बहीण म्हणून. धाकटीनं चहा ओतायचा असतो, म्हणून चाळीस वर्षं मी ओतते. धाकटी म्हणून उन्हातली जागा तिला, पोळीचा खरपूस तुकडा तिला. पण त्याबदल्यात ती चारचौघींत म्हणते, "ही आमच्यातली लहान, हिचं काही मनावर घेऊ नका." हे ऐकायला बरं वाटतं गं. मी काही बोलले तरी चालून जातं. शहात्तरच्या बाईनं असं बोलून कसं चालेल?

संध्याकाळी रुबाबानं विचारलं, "आई, ठरलं का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. तेवढ्यात गॅलरीतनं अझदरचा आवाज आला. फोनवर होता. "मुर्सल मुअल्लिम, हवा कशी आहे?" मग, "अच्छा. पडद्यांना हिरवाच रंग बरा." आणि फोन ठेवला.

आत येऊन टेबलाशी बसला. नियोजनाचा कागद पुढे घेतला, पेन्सिल घेतली, पण लिहिलं काहीच नाही.

ठरलं.

२४ ऑगस्ट

आज सगळं झालं. सावकाश लिहिते, मध्येच हसू येतंय.

तीन जणांचं मंडळ बसलं होतं. एक जाडा डॉक्टर, एक डॉक्टरीणबाई आणि मध्ये टकले अध्यक्ष. मागच्या बाकावर अझदर, मांडीवर हॅट. दाराशी रांग. आणि खेरन्सा बाजी! मला धीर द्यायला म्हणून आपणहून आली होती. पिशवीत उकडलेली अंडीही आणली होती.

जाडा डॉक्टर म्हणाला, "दात दाखवा."

मी काढून त्याच्या हातात दिले. म्हटलं, "हे गेल्या वर्षीचे आहेत. यांच्यावरून धरलंत तर मी एक वर्षाची."

अध्यक्षांनी टकलावरून रुमाल फिरवला. "आजी, लहानपणचं काही आठवतं का? वर्ष ठरेल असं?"

मी सांगितलं. आकाशात शेपटीचा तारा आला होता. सगळं शहर म्हणत होतं, शेपूट लागलं की जग संपणार. माझ्या आईनं मला पिठाच्या पेटीत बसवून झाकण लावलं. मी दहा वर्षांची होते. पेटी लहान पडली, गुडघे हनुवटीला लागले, अजून वारा फिरला की दुखतात. डॉक्टरीणबाईनं हिशेब केला. तारा आला ते साल दहा. पासपोर्टाप्रमाणे मी तेव्हा एक वर्षाची.

"एक वर्षाच्या पोरीला पिठाची पेटी लहान पडते का?" मी विचारलं.

अध्यक्ष हसले. म्हणाले, "मला माझ्या आजीनं थंड तंदुरात लपवलं होतं. वर परात." आणि एकदम इकडेतिकडे बघायला लागले. कागदावर तेही साठीच्या आतलेच असणार. त्यानंतर ते माझ्याशी फार गोड वागले.

लिहिलं: जन्म एकोणीसशे. मोठ्यानं वाचलं: "वय वर्षं शहात्तर." दाराशी काहीतरी पडलं. अंडी.

"शहात्तर?" खेरन्साचा आवाज. "शहात्तर?" तिला दोघींनी धरून बाहेर नेलं.

मला वाटलं, झालं, सुटले. पण डॉक्टरीणबाई चांगली होती, आणि चांगल्या माणसांना सगळं नीट जाणून घ्यायचं असतं. तिनं विचारलं, "तुमचं वय वर्गासाठी कमी केलंत, कळलं. पण मुलाचं दोन वर्षांनी वाढवायची एवढी काय घाई होती? पंधरा झाल्यावर गेला असता शाळेत."

हे मला सांगायचं नव्हतं. अझदर मागे बसला होता. पण खोटं बोलायचं तर पुन्हा सगळे कागद बिघडायचे.

मी म्हटलं, "त्याचा बाप विहिरीच्या आगीत गेला, त्याच उन्हाळ्यात. त्या शाळेत रोज पाव मिळायचा आणि एक जाड लोकरीचा कोट. बापाचा होता तो मी मिशीच्या दिवशी एकदाच चढवला, मग विकला. हिवाळा तोंडावर, पोराला घालायला काही नाही. कोटासाठी मोठा केला मी त्याला."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं.

"त्याला अंगणात गोट्या खेळायच्या होत्या," मी म्हटलं. आता बोलायला लागलेच होते. "रडला नाही. मिशी पुसेल म्हणून रडला नाही."

मग अध्यक्ष म्हणाले, "जन्माची खरी तारीख?" मी म्हटलं, अंजिरं पहिल्यांदा पिकली होती. ते म्हणाले, ही तारीख नव्हे. मी म्हटलं, मग दहा जुलै लिहा. त्यांनी लिहिलं.

२५ ऑगस्ट

बैठक झाली नाही. अझदर कालपासून बोललेला नाही. रागावलाय का कळत नाही. जेवला मात्र, द्राक्षाच्या पानांतल्या डोलम्याची दोन ताटं.

२८ ऑगस्ट

खेरन्सा चार दिवसांनी आली. दारातच उभी.

"चाळीस वर्षं," म्हणाली. "चाळीस वर्षं मला बाजी म्हणालीस. गुडघेदुखीवर काय लावायचं मला विचारायचीस. आणि माझ्याआधी सहा वर्षं दुखत होते तुझे."

मी म्हटलं, "बस की. चहा घे."

ती बसली. समोवार आमच्या दोघींच्या मध्ये. मी हात लावला नाही. तीही लावेना. धाकटीनं ओतायचा, आणि आता धाकटी कोण ते सगळ्या अंगणाला माहीत. पाणी उकळून उकळून आटायला आलं.

शेवटी तिनं ओतला. माझ्यापुढे पेला असा आपटला की बशीत सांडला. "घे, बाजी," म्हणाली. "आणि यापुढे चारचौघींत तोंड सांभाळून बोल. मोठी आहेस."

असा चहा मी जन्मात प्याले नव्हते. दुसऱ्यानं ओतलेला.

९ सप्टेंबर

कागद आला! जन्म: दहा जुलै, एकोणीसशे अठरा. शिक्के चार.

खात्यातनं माणसं आली, हार, केक, मोठमोठ्यानं बोलणं. अझदर मुअल्लिमची खुर्ची दोन वर्षं पक्की. मुर्सलही आला. बिचाऱ्यानं पडदे कापून ठेवले होते, हिरवे. रुबाबा म्हणाली, आम्हाला द्या, उशांना होतील. तिनं आज फ्रिजवरचा आलेख काढून त्यात पुदिना बांधला. नाचायचीच राहिली होती. मीपण.

अझदर सगळ्यांशी हात मिळवत होता. कुणीतरी म्हणालं, "मुअल्लिम, दोन वर्षं फुकटात मिळाली की तुम्हाला." तो हसला नाही. माझ्याकडे बघितलं. मी केक खात होते.

१३ सप्टेंबर, सोमवार

अझदर सकाळी टाय लावून खात्यात गेला आणि दहा वाजता परत आला. खुर्ची सोडली म्हणे. राजीनाम्याचा कागद स्वतः मुर्सलच्या हातात दिला, किल्लीसकट.

रुबाबा भिंतीला टेकली. मी विचारलं, "अरे, मग एवढी मी माझी अब्रू घालवली ती कशाला?"

"ती दोन वर्षं माझ्या लहानपणातली आहेत, आई," म्हणाला. "ती खात्याला का देऊ?"

मग काय करणार त्यांचं, मी विचारलं. टाय सोडत म्हणाला, "पोहायला शिकव." तीस वर्षं समुद्रातनं तेल काढलं या माणसानं, आणि त्याला पोहता येत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी शिकायचं ते राहिलं, नंतर साहेब झाल्यावर विचारायची लाज.

मलाही येत नाही. पण हे त्याला सांगितलेलं नाही. उद्या सकाळच्या बसनं मर्दकानच्या किनाऱ्यावर जातोय, दोघंच.